मुळशीची मोजणी

पौडला भूमी अभिलेखच्या कचेरीबाहेर सकाळपासूनच माणसं जमायला लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, जुन्या फेरफारांच्या झेरॉक्स आणि कधीकाळी मोडीत लिहिलेला, घडीवर फाटलेला एखादा कागद. कुणाला हद्दकायम मोजणी हवी असते, कुणाला पोटहिस्सा वेगळा काढायचा असतो, कुणाची बिगरशेतीसाठी धावपळ चाललेली असते. मुळशी तालुक्यात आज सगळ्यात जास्त वाट कोणाची पाहिली जात असेल, तर ती भूकरमापकाची. त्याची तारीख मिळाली की लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. ठरल्या दिवशी तो रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो, उपग्रहाकडून खुणा घेतो, दगड लावून देतो. मग ‘क’ प्रतीचा नकाशा हातात पडतो आणि त्यावर पुढचे सगळे व्यवहार उभे राहतात.

या मोजणीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नोटीस जाते ती कागदावरच्या शेजाऱ्याला. त्याच बांधाला लागून वीस-पंचवीस वर्षं झोपडी करून राहिलेल्या कातकरी कुटुंबाला ती जात नाही, कारण कागदावर ते कुणाचेच शेजारी नसतात. मालक बदलतो, तारेचं कुंपण पडतं आणि वाडीला कळतं ते पाण्यावर जायची वाट बंद झाल्यावर.

‘शहर गावाच्या वेशीत येतं तेव्हा’ हे यंदाच्या अंकाचं सूत्र. त्यासाठी मुळशीकडे वळल्यावर आकडे भरपूर सापडतात: गुंठ्याचे भाव, टॉवरचे मजले, रस्त्याची रुंदी. पण माणसामाणसांतलं अंतर या बदलात वाढलं की कमी झालं, हे मोजायचं कशानं? हा प्रश्न घेऊन पुण्यातल्याच एका समाजशास्त्राच्या अध्यापिकेने आयुष्य काढलं. तिची सुरुवात माणसाच्या कवटीपासून झाली होती.

डाहलेममधला प्रबंध

इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. जन्म ब्रह्मदेशातला, 1905 चा. इरावद्दी नदीवरून नाव ठेवलेलं. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये, नंतर मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्राची एम.ए. बर्लिनच्या डाहलेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्र आणि सुप्रजननशास्त्र ही त्या संस्थेची क्षेत्रं. फिशर यांचं नाव झालं होतं ते नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, मिश्र वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासामुळे. पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवण्यात या संस्थेचा आणि स्वतः फिशर यांचा मोठा वाटा होता.

इरावतीबाईंना मिळालेला विषय होता कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ आहे आणि तिची खूण कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकात दिसेल, अशी फिशर यांची अटकळ होती. वसाहतींमधून जमा करून आणलेल्या आणि युरोपातल्या अशा 149 कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या. निष्कर्ष सरळ निघाला: असमतोल सगळ्याच कवट्यांत आहे, आणि त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्यांच्याच गृहीतकाच्या विरुद्ध त्यांनी हे लिहून दिलं. पदवी मिळाली, पण श्रेणी कमी मिळाली. ऊर्मिला देशपांडे आणि तियागो पिंतो बार्बोसा यांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या इरावतीबाईंच्या चरित्रात हा भाग तपशिलाने आला आहे, आणि मराठी वाचकाने तो त्यांच्या ‘युगान्त’इतक्याच आस्थेने वाचायला हवा.

या प्रबंधानंतर त्यांनी मोजपट्टी टाकून दिली, असं मात्र नाही. 1939 साली डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावरही महाराष्ट्रातल्या जातीजातींच्या उंचीची, डोक्याची, नाकाची मापं त्या वर्षानुवर्षं घेत राहिल्या. वि. म. दांडेकरांबरोबर 1951 साली त्यांनी त्यावर पुस्तकही काढलं. आज ते काम वाचताना अवघडल्यासारखं होतं. जात ही शरीरात सापडेल ही आशाच मुळात चुकीची होती, आणि बर्लिनमध्ये वंशाबद्दल जे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं ते घरच्या जातीबद्दल दिसायला वेळ लागला. तरी त्यांच्या कामाची दिशा हळूहळू बदलत गेली. कोण कुणाशी लग्न करतं, कोण कुणाच्या घरी जातं, कोण कुणाच्या पंक्तीला बसतं, याकडे त्या अधिकाधिक पाहू लागल्या. पंढरीच्या वारीवरच्या त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीत चालणाऱ्या बायका जेवायला जातीजातीने वेगळ्या बसतात, हे निरीक्षण आहे. ते नोंदवताना त्यांच्या मनाला झालेला त्रासही आहे.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. इरावतीबाईंच्या आधी छत्तीस वर्षं, 1892 मध्ये, बर्लिन विद्यापीठात एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण शिकायला आला होता. विल्यम एडवर्ड बुर्गार्ट ड्यू बॉइस. परत गेल्यावर त्याने फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात काळ्या लोकांच्या वस्तीत घरोघर फिरून सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती स्वतः गोळा केली. 1899 साली त्याचं पुस्तक झालं. गुन्हे, गरिबी, आजारपण ही काळ्यांच्या रक्तातली खोड आहे असं तेव्हाचे विद्वान म्हणत. ड्यू बॉइसने दाखवलं की घरभाडं जास्त, पगार कमी आणि बहुतेक कामांची दारं बंद, अशा परिस्थितीत ती वस्ती ढकललेली आहे. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत असलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि अस्पृश्यांचा व निग्रोंचा प्रश्न किती सारखा आहे हेही त्यांनी त्यात म्हटलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. वंश आणि जात यांची तुलना पुण्याला नवी नाही.

पश्चिमेला गेलेलं पाणी

मुळशीत शहर पहिल्यांदा आलं ते विजेच्या रूपात, आणि ते शहर पुणं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांना, गाड्यांना, दिव्यांना वीज हवी होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी धरण बांधायचं, पाणी अडवायचं आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला कोकणात भिऱ्याला सोडायचं, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावं तेव्हापासून या खोऱ्याशी जोडली गेली. सत्याग्रह तीन वर्षांहून जास्त चालला, बापटांना शेवटी सात वर्षांची शिक्षा झाली. धरण 1927 साली पुरं झालं.

आज ताम्हिणीकडे जाणारी पर्यटकांची वाहनं त्या जलाशयाच्या कडेने जातात. पावसाळ्यात तर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग हटत नाही. तळ्याचं पाणी अजूनही भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून रोह्याच्या दिशेने निघून जातं. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांमधल्या बायका मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जातात.

ही कथा मराठी वाचकाला साधारण ठाऊक असते. तिचा कमी सांगितला जाणारा भाग पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे अध्यापक राजेंद्र व्होरा यांनी उकलला, आधी 1994 मध्ये मराठीत आणि नंतर 2009 मध्ये इंग्रजीत आलेल्या पुस्तकात. मुळशी पेट्यातली बरीचशी जमीन कागदोपत्री कसणाऱ्यांच्या नावावर नव्हतीच. ती पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती, आणि त्यांतले बहुतेक ब्राह्मण होते. मावळा कसत होता, राबत होता, पण कर्जापायी मालकी गेलेली होती. सावकाराला जमीन बुडण्याचं दुःख नव्हतं, मोबदला किती मिळतो याची काळजी होती. चळवळीचं पुढारपण पुण्यातल्या ब्राह्मण कार्यकर्त्यांकडे होतं, त्यांच्यातले काही मनापासून तुरुंगात गेले. पण मोबदला वाढवून घ्यावा आणि मिटवावं, असं म्हणणारे पुण्यातच होते. व्होरांनी सत्याग्रहाची थोरवी कमी केली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की धरणाने कुणाचं काय गेलं आणि कुणाच्या हाती काय आलं.

मावळ्यांच्याही खाली आणखी माणसं होती. बलुतं मागून, वतनाचा तुकडा कसून, जंगलातला लाकूडफाटा आणि मध विकून जगणारी. जमीन बुडाली तर मालकाला मोबदला मिळतो. गाव बुडालं तर बलुतं बुडतं, आणि बलुत्याचा मोबदला 1894 च्या भूसंपादन कायद्यात कुठेही नव्हता.

दारोदार

तीस-चाळीस वर्षांनी कोयनेत तेच घडत होतं, आता स्वतंत्र देशात. तिथे इरावती कर्वे आणि जाई निंबकर गेल्या. उठवलेली माणसं कुठे गेली, नव्या जागी त्यांना जमीन मिळाली का, मिळाली ती पिकते का, पाहुणेरावळे किती लांब पडले, मुलींची लग्नं कुठे होतात, हे त्यांनी कुटुंबागणिक विचारलं. डेक्कन कॉलेजने तो अहवाल 1969 मध्ये छापला. धरणग्रस्तांचं असं सर्वेक्षण तेव्हा आपल्याकडे दुर्मीळ होतं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी केला, तो 1976 मध्ये.

कोयनेच्या अहवालाआधी, 1965 मध्ये, इरावतीबाईंचं ज. स. रणदिवे यांच्याबरोबरचं फलटणवरचं काम प्रसिद्ध झालं होतं. वाढतं गाव आणि त्याच्या भोवतीची खेडी यांचं नातं हा त्याचा विषय. बाजाराला कोण येतं, दवाखान्याला कोण, शाळेसाठी मुलं कुठून येतात, कोणती जात शहरात शिरते आणि कोणती वेशीवरच थांबते. आज हिंजवडी-माणच्या पट्ट्यात उभं राहून ते प्रश्न वाचले तर कागद साठ वर्षं जुना आहे असं वाटत नाही.

हाच फरक आहे 1928 च्या आणि 1969 च्या इरावतीबाईंमध्ये. आधी त्या माणसाला मोजत होत्या, नंतर माणसाला विचारू लागल्या.

हिंजवडीचा चहा, लवळ्याचं भाडं

मुळशीत शहर दुसऱ्यांदा आलं ते हिंजवडीतून. आज जिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे, तिथे साखर कारखाना निघायचा होता. ती जागा संगणक उद्योगासाठी वळवली आणि कारखाना दुसरीकडे नेला, असं शरद पवार यांनी जाहीर भाषणांत सांगितलं आहे. संत तुकारामांच्या नावाचा तो सहकारी कारखाना कासारसाई-दारुंब्रेला उभा आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मात्र पंचवीस वर्षांत ओळखू येईनाशी झाली. महाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक 2021 च्या जूनअखेर पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी शिवाजीनगरला जोडणाऱ्या मेट्रोच्या कंपनीत पुन्हा टाटांचं नाव आहे. तालुक्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासात ते दोन टोकांना भेटतं.

सकाळी कंपन्यांच्या गेटाबाहेर टपऱ्यांवर चहा घेणाऱ्या गर्दीत देशातल्या बहुतेक भाषा ऐकू येतात. टपरी चालवणारा कधी बीडचा असतो, कधी बिहारचा. ज्याच्या जागेवर टपरी आहे तो गावचा, आणि त्याला महिन्याचं भाडं जातं. जमीन विकून आलेल्या पैशातून त्याने तीन मजली इमारत बांधली असेल तर तिच्यात बाहेरून आलेल्या मुलांसाठी भाड्याच्या खोल्या असतात. ज्यांनी पैसा इमारतीत घातला ते सावरले. ज्यांनी गाडीत, लग्नात आणि निवडणुकीत घातला, त्यांची मुलं आज त्याच कंपन्यांच्या गेटावर सुरक्षारक्षक आहेत. गावात त्यांना ‘गुंठामंत्री’ म्हणून चिडवायची रीत पडली आहे. ती क्रूर आहे. पिढ्यानपिढ्या कर्जात राहिलेल्या घरात एका रात्रीत कोटी रुपये आले तर ते कसे सांभाळायचे, हे त्यांना कोणत्याच बँकेने, कोणत्याच सरकारने शिकवलेलं नव्हतं.

खोली भाड्याने देताना मात्र जुनी मोजपट्टी पुन्हा बाहेर येते. दलालाच्या संदेशात ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त कुटुंब’ अशा अटी असतात. आडनाव विचारलं जातं, मग मूळ गाव, मग पुन्हा आडनाव. ईशान्येकडच्या मुलामुलींना चेहऱ्यावरून परकं ठरवलं जातं. आफ्रिकेतून शिकायला आलेल्यांना आधी होकार मिळतो आणि प्रत्यक्ष भेटीनंतर खोली ‘आत्ताच गेली’ असं उत्तर मिळतं. दिल्लीत निदो तानिया या ईशान्येकडच्या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर केंद्राने नेमलेल्या बेजबरुआ समितीने 2014 मध्ये ईशान्येकडच्या लोकांना राजधानीत सोसाव्या लागणाऱ्या वंशभेदाची नोंद केली. पुढच्याच वर्षी सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण, नोकरी, पगार सगळं सारखं आणि आडनाव तेवढं वेगळं, अशा रीतीने घरमालकांकडे विचारणा केली गेली. सवर्ण हिंदू नावाला कुणी नाही म्हटलं नाही. दलित नावांना अडवलं गेलं आणि मुस्लिम नावांना त्याहून जास्त.

मुळशीचं वैशिष्ट्य असं की इथे जग राहायला आलेलं आहे. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत, खुबवलीजवळ 1997 पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, जिथे अनेक देशांची मुलं एकत्र शिकतात. वर्गात वंशभेदावर चर्चा होत असणार आणि ती व्हायलाच हवी. पण टेकडीखालच्या गावात तेच प्रश्न भाडेकरारात, पाण्याच्या टँकरमध्ये आणि स्मशानाच्या जागेत गुंतलेले आहेत.

ज्यांचा सातबारा नाही

मुळशीत शहर तिसऱ्यांदा आलं ते डोंगरात. वरसगाव धरणाच्या पाणलोटात, मोसे खोऱ्यात, दासवे आणि मुगाव या गावांच्या परिसरात लवासा उभं राहिलं. राज्याने 1996 मध्ये गिरिस्थानांचं धोरण आणलं, 2001 मध्ये अठरा गावं गिरिस्थान म्हणून जाहीर केली. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायची नोटीस दिली, वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रंगीत इमारतींच्या रांगा आजही पाण्याकाठी उभ्या आहेत. पर्यटक फोटो काढतात.

जमिनी गेलेल्यांत मराठा, धनगर आणि कातकरी कुटुंबं होती. संघर्षाच्या काळात जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने त्यांच्या तक्रारी पुढे आणल्या. त्यांत सर्वांत अवघड बाजू कातकऱ्यांची. महाराष्ट्रात केंद्राने ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल ठरवलं आहे, त्यांत कातकरी आहेत. कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा जुना धंदा, त्यावरूनच नाव पडलं. तो गेला, मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. पावसाळ्याच्या अखेरीला मुकादम उचल देतो आणि दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं पोरांसह भट्टीवर जातात. उचल फिटली की नाही, हे मुकादमाच्या वहीत असतं. मिलिंद बोकील यांनी ‘कातकरी: विकास की विस्थापन?’ या पुस्तकात या जमातीचं जगणं समाजशास्त्राच्या शिस्तीने आणि मोठ्या जिव्हाळ्याने मांडलं आहे.

आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे सहज जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 36-अ आहे. पण ज्याच्याकडे मुळात जमीनच नाही त्याला या कलमाचा काय उपयोग? मुळशीतल्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीत, गायरानात किंवा वनखात्याच्या हद्दीत आहेत. मालकाचे आजोबा म्हणाले होते ‘राहा इथे, शेतावर कामाला या’, आणि त्या शब्दावर तीन पिढ्या गेल्या. आजोबांच्या नातवाने जमीन विकली की त्या शब्दाची किंमत शून्य होते. 2023 अखेरीस आलेल्या पीएम-जनमन योजनेत अशा जमातींसाठी पक्की घरं आहेत, पण घर बांधायला आधी पायाखालची जागा लागते.

दलित वस्तीची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे कधीकाळी वतनाची जमीन होती. महारवतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला तो 1958 मध्ये. जमीन वतनदारांना परत मिळाली, पण नव्या शर्तीने. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा. शर्त होती ती गरिबाची जमीन हातची जाऊ नये म्हणून. पण शहराच्या कडेला भाव चढल्यावर तिचा उलटा उपयोग होतो. कागद अडकलेला आहे, परवानगी मिळायला वर्षं लागतील, असं सांगून दलाल कमी भावात विसार करून घेतो आणि परवानगी स्वतः आणतो. शेजारचा शेतकरी बाजारभावाने विकतो, वतनाच्या तुकड्याचा मालक त्याच्या अंशावर सही करतो. माणसाची जात इथे कुठल्याच कवटीत सापडणार नाही. ती सातबाऱ्यावरच्या भोगवटादार वर्ग 2 या शेऱ्यात सापडते.

जमीन गेलेल्यांना काम मिळतं ते पिरंगुट-उरवड्याच्या लहान कारखान्यांत. 7 जून 2021 ला उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागली. सतरा कामगार गेले. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या.

बहिणींची सही

इरावतीबाईंच्या कितीतरी नंतर शर्मिला रेगे पुणे विद्यापीठात 1991 पासून समाजशास्त्र शिकवत होत्या, नंतर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख झाल्या. 2013 साली त्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेल्या. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं त्यांचं पुस्तक 2006 चं. दलित स्त्री जे सांगते ते कच्चा माल समजून वरून सिद्धान्त लावायचा नाही, तिचं सांगणं हेच ज्ञान आहे, हा त्यांचा आग्रह. त्यामागे अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीवाद्यांचं वाचन होतं आणि फुले-आंबेडकरांचं त्याहून जास्त. त्यांच्या वर्गात मराठी माध्यमातून, खेड्यांतून आलेली मुलंमुली होती. इंग्रजी येत नाही म्हणून विद्यार्थी कच्चा, असं त्या मानत नसत. शिकवण्याची पद्धत कच्ची आहे, असं मानत. शिक्षणावरच्या आपल्या व्याख्यानाला त्यांनी फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचं नाव जोडलं होतं. दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन 2009 मध्ये पुस्तक केलं. ज्या तालुक्यात भाड्याच्या खोलीची पहिली अट ताटावरून ठरते, तिथे त्या पुस्तकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

इरावतीबाईंनी दारावर जाऊन विचारायला शिकवलं. रेगे बाईंनी पुढचा प्रश्न घातला: दार उघडल्यावर बोलतं कोण?

पौडच्या दुय्यम निबंधक कचेरीत हा प्रश्न डोळ्यांनी दिसतो. वडिलोपार्जित जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलच्या उरलेल्या शंका मिटवल्या. त्यामुळे बिल्डरचे वकील बहिणींची सही असल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मग सासरी गेलेल्या बहिणींना गाडी जाते. कुणी भोरहून येतं, कुणी मावळातून, कुणी मुंबईहून. कचेरीच्या व्हरांड्यात त्या नव्या साड्या नेसून एका बाकावर बसतात, अंगठा देतात किंवा सही करतात, फोटो काढला जातो. हक्कसोडपत्र होतं. बऱ्याचदा मोबदल्याच्या रकान्यात काही नसतं, प्रेमापोटी हक्क सोडला असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी भावाच्या घरी जेवण, ओटीत खण-नारळ, आणि परतीची गाडी. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, हे त्या बाकावरच्या प्रत्येकीला ठाऊक असतं. काही जणी आता मागू लागल्या आहेत, वाटणीचा दावाही घालतात. अशा दाव्यामुळे व्यवहार अडला की गाव बहिणीला नावं ठेवतं, बहिणीला न विचारता विसार घेणाऱ्या भावाला सहसा ठेवत नाही.

मराठा घरातल्या बहिणीला निदान सोडायला हक्क आहे. वतनाच्या तुकड्यावरच्या बहिणीच्या वाट्याला आधीच पाडलेल्या किमतीचा हिस्सा येतो. कातकरी बहिणीला बाकावर कुणी बोलावतच नाही. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्याच्या रुंदीकरणाने, एकाच वर्षात घडलेला हा बदल तिघींना तीन ठिकाणी नेऊन ठेवतो, आणि नुसत्या गुंठ्यांच्या भावातून हे कधीच दिसत नाही.

कोयनेच्या अहवालासारखं काम मुळशीत करायचं तर लागणारी माणसं तालुक्यातच आहेत. लवळ्याच्या टेकडीवर समाजशास्त्र शिकणारी मुलं आहेत, पौड-पिरंगुटच्या महाविद्यालयांत शिकणारी गावची मुलंमुली आहेत, आणि या दोघांनी एकत्र दारावर जाणं हेच मोठं शिक्षण होईल. एकाला प्रश्न लिहिता येतात, दुसऱ्याला वाडीची वाट आणि बोली ठाऊक आहे. माणमध्ये नगररचना योजनेतून परत मिळालेल्या भूखंडांचं पुढे काय झालं, उरवड्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका कोणत्या घरांतल्या, मोसे खोऱ्यातल्या वाड्या आता कुणाच्या जागेत आहेत, हे विचारायला हवं. आणि सर्वांत आधी जायला हवं ते मुळशी धरणाच्या काठावरच्या आणि तिथून उठून खाली आलेल्या कुटुंबांकडे. 1921 मध्ये जी माणसं बांधावर बसली होती त्यांची नातवंडं आता ऐंशीच्या घरात आहेत. मोबदला कुणी नेला, घर मोडल्यावर पहिला पावसाळा कुठे काढला, आजी त्याबद्दल काय बोलायची, हे त्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. त्यांच्याकडे याच हिवाळ्यात जायला हवं.